खाणीची मालवाहतूक आणि दुर्गम महामार्ग: परिणाम कसा मोजतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खाण येणार म्हटलं की चर्चा जमिनीची, पाण्याची आणि नोकऱ्यांची होते. रस्त्याची आठवण होते ती पहिला पावसाळा उलटून खड्डे पडल्यावर, आणि तेव्हा रस्ता आधी कसा होता हे दाखवायला कुणाच्याच हातात काही नसतं. अशा रस्त्यांच्या पाहण्या करताना मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले गेले, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

ते घराएवढे पिवळे डंपर महामार्गावर येणार का?

नाही. ते खाणीच्या कुंपणाआतच फिरतात. त्यांचं वजन सार्वजनिक रस्ता आणि पूल पेलूच शकत नाहीत. महामार्गावर येतात ते नेहमीचे टिप्पर, ट्रेलर, एकामागे एक दोन ट्रेलर जोडलेल्या गाड्या, आणि काही देशांत त्याहून लांबलचक ‘रोड ट्रेन’. ऑस्ट्रेलियात ठरावीक मार्गांवर ५३.५ मीटर लांबीच्या रोड ट्रेनना परवानगी असते. हे सांगायचं कारण असं की पुष्कळ लोक पिवळ्या डंपरला घाबरतात आणि नेहमीच्या टिप्परकडे काणाडोळा करतात. रस्ता खराब होतो तो टिप्परने.

रोज किती गाड्या वाढतील, हे कसं काढायचं?

माल टनांत घ्या आणि गाडीच्या भरतीने भागा. समजा वर्षाला १० लाख टन खनिज बाहेर जाणार आहे आणि एका गाडीत ३० टन माल बसतो. म्हणजे ३३,३३३ भरलेल्या खेपा. वर्षाचे कामाचे दिवस ३०० धरले तर रोज १११ गाड्या भरून जाणार आणि तेवढ्याच रिकाम्या परत येणार. दोन्ही मिळून २२२ फेऱ्या. वाहतूक फक्त दिवसाचे १२ तास चालली, तर रस्त्याकडेला उभ्या माणसासमोरून दर सव्वातीन मिनिटांनी एक गाडी जाईल.

हा झाला सरासरीचा हिशेब, आणि सरासरी फसवते. बंदरात जहाज लागलं की आठवडाभर दुप्पट गाड्या पळतात. पावसाने दोन आठवडे काम थांबलं की नंतर साठा उपसायची घाई होते. म्हणून सरासरी दिवसाबरोबर सर्वांत गर्दीच्या दिवसाचा आकडाही मागून घ्यावा. शिवाय डिझेलचे टँकर, सुटे भाग, स्फोटकं, कामगारांच्या बस आणि ठेकेदारांच्या जीप या गाड्या ‘किरकोळ’ म्हणून वगळल्या जातात. वजनात त्या किरकोळ असतीलही, अपघाताच्या हिशेबात नाहीत.

खाणीच्या वाहतुकीच्या अहवालात लिहिलंय की महामार्गाची क्षमता भरपूर शिल्लक आहे. मग अडचण कसली?

उत्तर बरोबर आहे, पण प्रश्नच चुकीचा विचारलेला आहे. वाहतूक-क्षमतेचा अभ्यास कोंडी मोजायला असतो. दुर्गम महामार्गावर दिवसाला तीनशे गाड्या असतील आणि त्यात २२२ वाढल्या, तरी कोंडी होत नाही. तक्त्यात सेवास्तर (वाहतूक किती सुरळीत चालते याची श्रेणी) उत्तमच दिसतो आणि अहवाल तिथेच मिटतो.

पण त्या तीनशे गाड्यांत जड गाड्या जेमतेम वीस असतील. म्हणजे जड वाहतूक एकदम बारापट झाली. अशा रस्त्याला गर्दीचा धोका नसतो. त्याला धोका असतो एक्सलच्या (म्हणजे चाकं जोडणाऱ्या आसावरच्या) वजनाचा, अरुंद पुलांचा, ओव्हरटेकच्या जागांचा आणि पाण्याचा. दुर्गम रस्त्याचा अहवाल हातात आला की मी आधी पाहतो की त्याची किती पानं चौकातल्या सिग्नलच्या गणितावर खर्ची पडली आहेत. रस्त्यावर सिग्नल एकही नसताना.

एक भरलेला ट्रक किती कारइतकं नुकसान करतो?

हा सर्वांत आवडता प्रश्न, आणि याचं उत्तर सर्वांत जास्त वेळा अर्धवट सांगितलं जातं.

अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावाजवळ १९५८ ते १९६० दरम्यान एक प्रचंड प्रयोग झाला. मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांच्या वेटोळ्यांवर लष्कराच्या चालकांनी ठरावीक वजनाचे ट्रक दोन वर्षं फिरवले. एक्सलच्या सुमारे ११ लाख १४ हजार फेऱ्या झाल्या. त्यातून निघालेला ढोबळ नियम असा की रस्त्याचं नुकसान एक्सलवरच्या वजनाच्या चौथ्या घाताने वाढतं. वजन दुप्पट केलं तर नुकसान सोळापट होतं. वीस टक्के जादा भरलं तरी दुपटीच्या वर जातं, कारण १.२ चा चौथा घात २.०७ येतो.

मोजमाप म्हणून ८० किलोन्यूटनचा, म्हणजे सुमारे ८.२ टनांचा, जोडचाकी (दोन्ही टोकांना दोन-दोन चाकं असलेला) एक्सल ‘प्रमाण एक्सल’ धरतात. सव्वा टनाच्या आसपासची कार घेतली तर नियमाप्रमाणे एका प्रमाण एक्सलची बरोबरी करायला सुमारे १५ हजार कार लागतील. सभेत हा आकडा टाळ्या मिळवतो, पण त्यावर फार विसंबू नये. नियम जड वजनांच्या प्रयोगातून आला आहे आणि कारइतक्या हलक्या वजनापर्यंत त्याला ताणण्यात अर्थ नाही. तो प्रयोगही एकाच हवामानात, एकाच प्रकारच्या मातीवर झाला, आणि तेव्हाच्या टायरमधला हवेचा दाब आजच्यापेक्षा बराच कमी होता. पातळ डांबराच्या थराला आजचा कडक टायर जास्त बोचतो. निष्कर्ष ढोबळ म्हणून वापरावा. दिशा मात्र पक्की आहे, गाड्या मोजून भागत नाही, एक्सलचं वजन मोजावं लागतं.

रिकाम्या गाडीचं काय? ती पण रस्ता खराब करते ना?

करते, पण फारच कमी. ४४ टनांची एक गाडी घेऊ: पुढचा एक्सल ६ टन, मधला दुहेरी संच १६ टन आणि मागचा तिहेरी संच २२ टन. एका प्रचलित पद्धतीने हिशेब केला तर ही गाडी भरलेली असताना साधारण २.८ प्रमाण एक्सलइतकी भरते. रिकामी १४ टनांची परत येताना हाच आकडा ०.३५ च्या आसपास राहतो. म्हणजे आठपट फरक.

हा फरक रस्त्यावर डोळ्यांनी दिसतो. खाणीपासून दूर जाणारी बाजू चाकोऱ्यांनी खचलेली आणि खाणीकडे येणारी बाजू बऱ्यापैकी शाबूत. एका चढाच्या वळणावर मी मुद्दाम तासभर उभा राहिलो होतो. भरलेली गाडी खालच्या गिअरमध्ये कण्हत वर चढायची आणि तिच्या चाकांखालचं डांबर पुढच्या-मागच्या लाटांमध्ये सरकलेलं होतं, घडी पडलेल्या सतरंजीसारखं. आदल्या रात्री पाऊस झालेला. प्रत्येक एक्सल भेगेवरून गेला की फटीतून गढूळ पाण्याची पिचकारी उडायची आणि सुकल्यावर तिथे राखाडी डाग राहायचा. तो डाग म्हणजे खालच्या थरातली बारीक माती बाहेर येतेय. वरून खड्डा दिसायला अजून महिना-दोन महिने असतात, पण रस्ता तेव्हाच पोकळ व्हायला लागलेला असतो.

वरचेच आकडे पुढे नेऊ. ३३,३३३ खेपा गुणिले २.८ म्हणजे वर्षाला सुमारे ९३ हजार प्रमाण एक्सल, एकाच बाजूवर. मूळ आराखड्यात दहा वर्षांसाठी १ लाख धरलेले असतील, तर ते तेरा महिन्यांत संपले. दोन्ही बाजूंचं सरासरी नुकसान काढणाऱ्या अहवालात हे कधीच दिसत नाही.

मोठी गाडी वाईट की छोटी?

थांबा, हे उलटं वाटेल. रस्त्याच्या थरांना एकूण वजनापेक्षा प्रत्येक एक्सलचं वजन बाधतं. अलास्कात टेटलिनजवळच्या मान चोह खाणीतून सोन्याचं खनिज फेअरबँक्सजवळच्या फोर्ट नॉक्सपर्यंत सुमारे ४०० किलोमीटर सार्वजनिक महामार्गांवरून नेण्याची योजना आली, तेव्हा गाड्या सुमारे ७५ टनांच्या, २९ मीटर लांबीच्या आणि १६ एक्सलच्या होत्या. एका एक्सलवर सरासरी पाच टनांहून कमी. दर टन मालामागे पाहिलं तर डांबराला अशी गाडी छोट्या, खच्चून भरलेल्या टिप्परपेक्षा सौम्य असते.

पण पुलाचं गणित वेगळं. पुलाला सगळं वजन एकदम पेलावं लागतं आणि चाकं एकमेकांपासून किती अंतरावर आहेत याने फरक पडतो. तेच वजन लांब गाडीत पसरलं तर ठीक, आखूड गाडीत एकवटलं तर गर्डरवर ताण जास्त. अमेरिकेत १९७५ पासून एक्सलची संख्या आणि अंतर यांवरून अनुज्ञेय वजन ठरवणारं सूत्रच कायद्यात आहे. म्हणून ‘एक्सल वाढवले, आता चिंता नाही’ हे उत्तर डांबरापुरतं खरं. पूल स्वतंत्रपणे तपासावाच लागतो, आणि जुना लोखंडी पूल असेल तर थकव्याचाही (वारंवारच्या ताणाने धातू कमजोर होण्याचा) विचार करावा लागतो, कारण त्याच्या सांध्यांनी आयुष्यात कधी इतके जड फेरे पाहिलेले नसतात. मोऱ्यांकडे तर कुणी पाहतच नाही. दगडी किंवा जुन्या पाइपच्या मोरीवर पुरेसा भराव नसेल तर सगळ्यांत आधी तीच बसते.

गाडीत खरंच ३० टनच भरतात का?

अहवालात नेहमी ३० असतात. खाणीत काय असतात ते वजनकाट्याच्या पावत्या सांगतात, म्हणून पावत्याच मागाव्यात. तिथेही एक मेख आहे. दारावरचा काटा बहुधा पूर्ण गाडीचं वजन देतो, एक्सलनिहाय नाही. माल हौद्यात मागे सरकून भरला तर एकूण वजन नियमात बसतं आणि मागचा एक्सल मात्र मर्यादेबाहेर जातो. म्हणून रस्त्याकडेला सुटे वजनपाट टाकून नमुना घेतात, किंवा रस्त्यातच पट्ट्या बसवून चालत्या गाडीचं वजन टिपतात.

दुसरी मेख घनतेची. लोहखनिजाचा एक घनमीटर ढीग साधारण दोन ते अडीच टन भरतो, कोळशाचा एक टनही नाही. कोळसा वाहायला बांधलेला उंच हौदा खनिजाने काठोकाठ भरला तर काय होईल हे सांगायला नको. पाऊस पिऊन ओला झालेला माल आणखी जड. लोडर चालवणारा माणूस बादल्या मोजतो, टन मोजत नाही.

रस्ता आधीपासूनच खराब होता, असं खाणवाले म्हणतात. खोटं ठरवायचं कसं?

कधीकधी ते खरंही असतं. म्हणूनच पहिली गाडी धावायच्या आधी नोंद हवी. माझ्या मते सगळ्या अभ्यासात सर्वांत मोलाचं काम हेच आहे, आणि सर्वांत कंटाळवाणं असल्यामुळे सर्वांत घाईत उरकलं जाणारंही.

नोंदीत काय असावं? पूर्ण मार्गाचा दोन्ही दिशांनी घेतलेला व्हिडिओ, अंतराच्या नोंदीसह. खडबडीतपणाची मोजणी. त्याचा आंतरराष्ट्रीय निर्देशांक १९८२ मध्ये ब्राझीलमधल्या प्रयोगांतून आकाराला आला आणि तो मीटर प्रति किलोमीटरमध्ये सांगतात. चाकोरीची खोली, भेगांचं क्षेत्रफळ, तुटलेल्या कडा, साईडपट्टीची उंची. मग रस्त्याची ताकद: वजन आपटून पृष्ठभाग किती दबतो ते सेन्सरने टिपणारं यंत्र. ते न मिळाल्यास लांब तुळईचं साधं उपकरण, भरलेल्या ट्रकच्या जोडचाकांमध्ये टोक ठेवून मोजायचं. हे उपकरण १९५० च्या दशकातलं आहे आणि अजूनही कामाला येतं. काही ठिकाणी खड्डा खणून थर मोजायचे. कागदावर तीस सेंटिमीटर खडी असते, खणल्यावर अठरा निघते. असं मी एकदा नाही, अनेकदा पाहिलंय.

पुलांच्या भेगांच्या दोन्ही टोकांना रंगाने खूण करून तारीख टाकायची. सहा महिन्यांनी भेग त्या खुणेच्या पुढे गेली की वाद घालायला जागा राहत नाही.

आणि एक गोष्ट: खाणीची वाहतूक न जाणारा, त्याच भागातला, त्याच वयाचा दहा-वीस किलोमीटरचा रस्ताही तुलनेसाठी मोजून ठेवा. दोन वर्षांनी दोन्ही रस्ते पुन्हा मोजले की पावसाने किती झालं आणि ट्रकने किती, हे वेगळं काढता येतं.

मोजणी कोरड्या ऋतूत केली तर चालते का?

चालवून घेतात, पण चालू नये. चिकण मातीचा पाया उन्हाळ्यात दगडासारखा असतो आणि भिजला की त्याची ताकद निम्म्याहूनही खाली येऊ शकते. प्रयोगशाळेत मातीचा नमुना चार दिवस पाण्यात बुडवून तपासतात तो याचसाठी. थंड प्रदेशात हीच वेळ वसंतात येते. वरचा बर्फ वितळतो, खालची जमीन गोठलेलीच असते आणि पाण्याला निचऱ्याची वाट मिळत नाही. कॅनडा आणि अमेरिकेच्या उत्तरेकडच्या बऱ्याच भागांत त्या काही आठवड्यांत एक्सलचं अनुज्ञेय वजन कमी करतात.

खाणीला बारा महिने माल काढायचा असतो, आणि वर्षभराचं बरंचसं नुकसान नेमक्या त्या काही आठवड्यांत होतं. तेवढ्या काळापुरता माल साठवायची जागा खाणीत आहे का, हा प्रश्न डांबराच्या जाडीच्या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा.

कच्च्या रस्त्याला हेच नियम लागू होतात?

चौथा घात इथे फारसा चालत नाही. कच्चा रस्ता झिजतो तो धुळीने: बारीक माती उडून जाते, मागे राहिलेली खडी सुटी पडते आणि पृष्ठभागावर आडव्या लाटा उठतात. धुळीत समोरचं दिसत नाही हा धोका वेगळाच. पाणी मारल्याने काही तास भागतं. उपाय म्हणजे ग्रेडरची (रस्ता खरवडून सपाट करणाऱ्या यंत्राची) ठरलेली फेरी आणि वेळेवर नवी खडी. अहवालात ‘देखभाल केली जाईल’ असं नको, ‘किती गाड्यांनंतर केली जाईल’ ते हवं.

ओव्हरटेकचा धोका आकड्यांत सांगता येतो का?

येतो, आणि सांगितला की बैठकीत शांतता पसरते.

रोड ट्रेन ताशी ८० ने चालली आहे. मागची कार १०० ने जाऊन तिला ओलांडते. दोघांच्या वेगातला फरक सेकंदाला साडेपाच मीटर. रोड ट्रेनची लांबी ५३.५ मीटर, कारची ५, पुढे-मागे २५-२५ मीटर मोकळी जागा. म्हणजे १०८ मीटरची आघाडी घ्यायला साडेएकोणीस सेकंद लागतात. तेवढ्या वेळात कार सुमारे ५४० मीटर उलट्या बाजूने धावते. समोरून १०० ने येणारी गाडीही तेवढंच अंतर कापते. म्हणजे सुरुवातीलाच एक किलोमीटरहून जास्त रस्ता स्वच्छ दिसायला हवा. साध्या १८ मीटर ट्रकला हेच अंतर सव्वासातशे मीटरच्या आसपास येतं. आता महामार्गाचा नकाशा घ्या आणि असे मोकळे तुकडे किती आहेत ते मोजा. डोंगराळ भागात पन्नास किलोमीटरमध्ये दोन-तीनच सापडतात.

मग गाड्यांचा काफिला तयार होतो. तिसऱ्या-चौथ्या गाडीतल्या माणसाचा संयम सुटतो आणि तो वळणावर बाहेर पडतो. त्यावर उपाय म्हणजे ठरावीक अंतरावर ओव्हरटेकची जादा मार्गिका, चढावर संथ गाड्यांसाठी वेगळी मार्गिका, आणि खाणीच्या गाड्या एकामागे एक न सोडता मध्ये अंतर ठेवून सोडण्याचं बंधन. हे शेवटचं जवळपास फुकटात होतं, तरी करारात क्वचितच सापडतं.

शाळेची बस कुठे थांबते, गुरं कुठून ओलांडतात, पहाटे धुकं कुठे साचतं, हे नकाशावर नसतं. तिथल्या बसचालकाला विचारा. रुग्णवाहिका पोहोचायला किती वेळ लागतो तेही नोंदवा. दुर्गम रस्त्यावर अपघातापेक्षा त्यानंतरचा दीड तास अनेकदा जास्त घातक ठरतो.

खर्च कुणी भरायचा?

वाद इथेच पेटतो. दोन पद्धती आहेत. पहिलीत एकूण प्रमाण एक्सलमध्ये खाणीचा वाटा काढून दुरुस्तीचा खर्च त्याच प्रमाणात वाटतात. दुसरीत विचारतात की खाण नसती तर रस्त्याचं मजबुतीकरण कधी लागलं असतं. बाराव्या वर्षी लागणारं काम चौथ्या वर्षी करावं लागलं, तर आठ वर्षं आधी पैसे घालवण्याची किंमत खाणीची.

दुसरी पद्धत तर्कशुद्ध दिसते, पण आधीच कमजोर असलेल्या रस्त्यावर ती खाणीला स्वस्तात सोडते, ‘तसंही दोन वर्षांत करावंच लागलं असतं’ म्हणून. आणि फक्त वाटणीची पद्धत वापरली तर पूल मजबूत करण्याचा खर्च बाहेर राहतो, जो शंभर टक्के खाणीमुळेच आलेला असतो. मला विचाराल तर दर टन-किलोमीटरमागे ठरलेली रक्कम, दरवर्षीच्या मोजणीवरून तिची फेरतपासणी, आणि पूल-मोऱ्यांचं काम गाड्या सुरू व्हायच्या आधी खाणीच्या खर्चाने. रक्कम भरली म्हणून जादा वजनाची मुभा मिळत नाही, हेही लिहून घ्यावं.

मोजणी कधी थांबवायची? खाण बंद झाली की?

त्याच्या थोडं नंतर. खाण उभी राहताना खनिज दळायच्या गिरणीचे भाग, ट्रान्सफॉर्मर, मोठी यंत्रं येतात आणि बंद होताना तीच परत जातात. या अवजड फेऱ्या खेपांच्या तक्त्यात नसतात, प्रत्येकीला वेगळा परवाना लागतो आणि एकाच फेरीत पुलाची परीक्षा होते. शेवटची पाहणी माल थांबल्यावर लगेच करून हात झटकतात आणि चार महिन्यांनी क्रेनचे सुटे भाग घेऊन ट्रेलर निघतात. त्यामुळे अखेरची नोंद शेवटचं यंत्र बाहेर पडल्यावर, आणि त्यानंतरचा एक पावसाळा पाहून करावी. भेगेवरच्या रंगाच्या खुणा तोवर पुसू देऊ नका.